मूल ठेवण्याची इच्छा नसल्याने

"हा शब्द," ती म्हणाली आणि प्लास्टिकच्या पारदर्शक पाकिटातल्या कागदावर तिनं बोट ठेवलं. "मला एवढा एकच शब्द समजावून सांगा, मादाम. दुपारी तिला भेटायच्या आत."

मी चष्मा काढला, पदराला पुसला, पुन्हा लावला. टाइप केलेला फ्रेंच कागद होता, घड्यांवर चिकटपट्ट्या लावून जपलेला. तिचं बोट तिसऱ्या ओळीवर होतं. 'न वूलाँ पा गार्दे लाँफाँ.' मूल ठेवण्याची इच्छा नसल्याने. पुढे लिहिलं होतं, आईने ते संस्थेच्या स्वाधीन केले आहे.

"तुला कळत नाही? फ्रेंच तर तुझीच भाषा," मी म्हटलं.

"कळतं. पण मला नीट कळलंय का, ते कळत नाही."

ती सकाळीच माझ्या घरी आली होती. तिचं नाव क्लेमाँस. वय पंचवीस. रंग सावळा, केस जाड, तोंडावळा थेट आपल्या जुन्नर-आळेफाट्याकडचा. रस्त्यात दिसली असती तर मी तिला "ए बाई, मेथी कशी दिली?" असं विचारलं असतं. आणि तोंड उघडलं की आँजे गावचं सुरेख, पाण्यासारखं वाहणारं फ्रेंच. तिकडे ती मुलांना पोहायला शिकवायची. पाच महिन्यांची असताना पुण्यातल्या एका संस्थेतून तिला फ्रान्सला दत्तक दिलं होतं. आता संस्थेनं तिची आई शोधून काढली होती आणि भेटीसाठी दुभाषी म्हणून मला बोलावलं होतं. फोनवर एवढंच सांगितलं होतं, फ्रान्सहून एक मुलगी येतेय, बाई, दुपारभर वेळ द्या. म्हटलं, देते. कोण मुलगी, कुठल्या सालची, मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

हे दोन हजार चार सालच्या डिसेंबरमधलं. मी तेव्हा एक्कावन्न वर्षांची होते आणि पुण्यात माझ्या नावाचा दरारा होता. मार्कांसाठी फ्रेंच घेणारी हजारो गाढवं माझ्या हाताखालून गेली आहेत. ओगलेबाई चुकत नाहीत, असं मुलं म्हणायची. मीही तसंच म्हणायची.

"काय शंका आहे तुझी?" मी विचारलं. (आम्ही फ्रेंचमध्ये एकमेकींना 'तुम्ही'च म्हणत होतो. पण मराठीत सांगताना तिला 'तुम्ही' म्हणणं माझ्या जिभेवर येत नाही. पोर होती ती.)

"हे वर्तमानकाळी धातुसाधित ना? आम्हाला शाळेत शिकवलं होतं, या रूपात दोन गोष्टी एकाच वेळी होतात. ती गात गात चालली. चालणं थांबलं की गाणंही थांबलं." ती थोडी लाजली. "बारा वर्षांची असताना मला हा कागद दाखवला. तेव्हा मी मनाशी ठरवून टाकलं, की कागद देत असताना, तेवढ्यापुरतीच तिला मी नको होते. दोन मिनिटं. पेन खाली ठेवल्यावर तिला काय वाटलं, ते कागदावर लिहिलेलंच नाही. असा अर्थ होतो का, मादाम? होऊ शकतो का?"

हो म्हणाले असते तर काय बिघडत होतं? काही नाही. पण व्याकरणाचा प्रश्न विचारला की माझ्या अंगात यायचं.

"नाही," मी म्हटलं. "तू सांगतेस तो उपयोग वेगळा. 'गात गात' हा सोबतीचा अर्थ. इथे कारणाचा अर्थ आहे. आईने मूल दिलं. का दिलं? इच्छा नव्हती म्हणून."

"आणि काळ? कधीपर्यंत इच्छा नव्हती?"

"या रूपाला स्वतःचा काळ नसतो. मुख्य क्रियापदाचा काळ तो त्याचा काळ. आणि हे बघ, देणं ही क्रिया आहे. ती घडते आणि संपते. इच्छा नसणं ही अवस्था आहे. ती कधी सुरू झाली, कधी संपली, याची सीमा हे रूप दाखवत नाही. ती आपली असते."

"असते," ती म्हणाली.

"असते. तुला उदाहरणं देऊ?"

आणि दिली मी! चांगली चार-पाच दिली. तिचा चेहरा उतरत चाललेला मला दिसत होता, तरी मी थांबले नाही. चौथ्या उदाहरणाला तिनं कागद हळूच आपल्याकडे ओढून घेतला. मग म्हणाली, "मला आईला एवढंच विचारायचंय. दुसरं काही नकोय मला तिच्याकडून. मी तिला खरंच नको होते का, हे तिच्या तोंडून ऐकायचंय. नको होते म्हणाली तरी चालेल. मी सहन करीन. पण ते तिनं सांगावं, या कागदानं नव्हे."

"विचारू की," मी म्हटलं.

"आणि खाली भाषांतरकाराचं नाव आहे. मादमोआझेल एस. भट. ती सापडेल का हो इथे? तिनं माझ्या आईचा मूळ मराठी जबाब वाचला असणार. तिला विचारायचं होतं, मराठीतही तो इतकाच कोरडा होता का?"

"भट पुण्यात पावलोपावली सापडतात," मी म्हटलं. ती हसली नाही. "कुमारी भट वारल्या, असं ऐकलंय मी," मी म्हटलं आणि चहा ठेवायला आत गेले.

माझं माहेरचं नाव भट. शरयू भट. तुमच्या ते लक्षात आलंच असेल.

आत ओट्याशी उभी राहिले आणि चहात साखर दोनदा घातली. पाचावर धारण बसणं म्हणतात ते हेच. एकोणऐंशी साली मी सव्वीस वर्षांची होते, कॉलेजात तात्पुरती नोकरी होती, आणि दोन वर्षांपासून संस्थेच्या कागदपत्रांचं फ्रेंच भाषांतर करत होते. ठोसरबाई तिथल्या अधीक्षक. करारी, खादी नेसणाऱ्या, मुलांसाठी जीव टाकणाऱ्या. हे मी उपरोधानं म्हणत नाही, खरंच टाकायच्या.

सगळ्यात पहिली फाइल आली ती एका बाईची, जिनं स्पष्ट सांगितलं होतं, मला हे पोर नको, तोंडही बघायचं नाही. मी तसंच लिहिलं, न वूलाँ पा. सहा आठवड्यांत तिकडून मंजुरी आली. दुसऱ्या फाइलीतल्या बाईनं म्हटलं होतं, जमत नाही, नवरा हाकलून देईल. मी इमानेइतबारे लिहिलं, न पूव्हाँ पा, शक्य नसल्याने. तो कागद परत आला. सोबत प्रश्नांची ही भलीमोठी यादी. शक्य का नाही? आईला मदत देऊ केली होती का? तिला पुन्हा विचारलं का? वर्ष गेलं त्यात. ते मूल तोवर पाळण्यातून उतरून रांगायला लागलं होतं, आणि इतक्या मोठ्या मुलाला कोणी घेईना.

ठोसरबाई मला म्हणाल्या, "भटबाई, ते पहिल्या फाइलीतलं वाक्य छान होतं बघा. तेच टाकत जा ना सगळीकडे. मुलांचं भलं होतं."

मी टाकलं. नुसतं टाकलं नाही, सोय करून ठेवली. एक मजकूर पक्का करून त्याचं स्टेन्सिल कापलं आणि फक्त नाव, तारीख आणि बाळाचं वजन यांच्या जागा मोकळ्या सोडल्या. फाइल आली की मराठी जबाबातून तेवढ्या तीन गोष्टी उचलायच्या. बाकी जबाब मी वाचतसुद्धा नसे. दहा मिनिटांत काम तमाम. अशा अठरा फाइली केल्या मी. अठरा मुलं त्या वाक्यावर विमानात बसली, आणि ती कुठेतरी मोठी होऊन हे वाक्य वाचत असतील, असा विचार पंचवीस वर्षांत एकदाही माझ्या डोक्याला शिवला नाही.

अडीच वाजता आम्ही रिक्षातून संस्थेत पोचलो. रेवती नावाची तरुण समाजसेविका आमची वाट बघत होती. गोड मुलगी, पण फ्रेंचचा गंध नाही, आणि क्लेमाँसचं इंग्रजी 'थँक्यू'च्या पुढे जात नव्हतं. भेटीच्या खोलीत तीन खुर्च्या मांडल्या होत्या. आई यायची होती. रेवतीनं कपाटातून जुनी फाइल काढली.

"बाई, हा मूळ जबाब. तिला वाचून दाखवा ना. तिनं पत्रातही मागितला होता," रेवती म्हणाली.

निळ्या शाईतलं, कुणा कारकुनाचं वळणदार अक्षर. खाली अंगठा. मी तो कागद आयुष्यात पहिल्यांदा वाचला.

'मी मथुरा सदाशिव डोके, वय अठरा, लिहून देते की, सध्या मला मूल सांभाळणे शक्य नाही. भाऊ मुलासह घरात घेण्यास तयार नाही. राहण्याची सोय झाल्यावर मी येऊन मूल घेऊन जाईन. तोपर्यंत संस्थेने सांभाळ करावा.'

चार वाक्यं. त्यात नको हा शब्द कुठेही नाही.

"काय लिहिलंय?" क्लेमाँसनं विचारलं. तिनं माझा दंड धरला होता.

त्या खोलीत दोन्ही कागद वाचू शकणारी मी एकटीच होते. एवढंसं सांगायचं होतं. पोरी, तो कागद खोटा आहे आणि तो मी केलाय. पण मग पुढे काय? ही लिहिणार, तिकडे पेपरात येणार, उरलेले सतरा जण येणार, एकेकाच्या हातात तसलाच चिकटपट्ट्या लावलेला कागद. कॉलेज, माझा वर्ग, माझं नाव, सगळं डोळ्यांपुढे आलं. मला लाज वाटली असं सांगायला आवडलं असतं. खरं सांगते, भीती वाटली. दुसरं काही नाही.

"तेच," मी म्हटलं. "शब्दशः तेच आहे."

तिनं मान हलवली आणि हात सोडला.

तेवढ्यात मथुराबाई आली. त्रेचाळीस वर्षांची बाई, पण साठीची वाटत होती. उरुळीच्या एका रोपवाटिकेत गुलाबाच्या कलमांचं काम करायची. बोटांच्या पेरांवर काट्यांचे बारीक काळे ठिपके. नवं पातळ नेसली होती, त्याची घडी अजून मोडली नव्हती. ती दारातच थांबली. पोरीकडे बघत राहिली आणि मग सरळ येऊन तिच्या पायाशी खाली बसली. क्लेमाँस दचकून मागे सरकली.

"पाया नाही पडत मी," मथुराबाई म्हणाली. "पाय बघतीय. हे बघा ना बाई, ही करंगळी कशी आत वळलीय! माझ्या आईची आशीच व्हती. आगदी आशी!"

मी हे मात्र तंतोतंत सांगितलं. क्लेमाँस एकदम हसली, मग हसता हसता रडायला लागली. तिनं आपला बूट-मोजा काढला आणि दुसरं पाऊलही पुढे केलं. दोघी जणी त्या करंगळ्यांकडे बघत बसल्या. रेवतीनं डोळे पुसले. बाहेरून कुणीतरी तिला हाक मारली, मुलांना टोचायला डॉक्टर आले होते.

"मी आलेच दहा मिनिटांत," ती म्हणाली. "ओगलेबाई आहेत म्हणजे काळजी नाही."

ती गेली. दार लागलं.

मथुराबाई खुर्चीवर बसायला तयार नव्हती. खालीच बसून तिनं बोलायला सुरुवात केली. हळू आवाजात, तोंडाला पदर लावून. "सांगा तिला बाई, मी टाकली न्हवती तिला. तीन महिने अंगावर पाजली हितं. मंग भाऊ न्यायला आला. तो म्हणला, पोरीला घिऊन घरात पाय ठेवायचा न्हाई. म्हणून मी म्हणलं, सध्या ऱ्हाऊ द्या. सध्या, आसं म्हणलं व्हतं मी. उरुळीला काम धरलं, खोली बघितली, आन चार महिन्यांनी आले तिला न्यायला. झबलं-टोपडं घिऊन आले. तर ठोसरबाई म्हणल्या, गेली ती इमानानं. तुझाच कागद हाय म्हणल्या. मी म्हणलं, माझा कागद तर ठेवायचा व्हता, द्यायचा न्हाई. त्या म्हणल्या, आता रडून काय उपेग?"

"काय म्हणते ती?" क्लेमाँसनं विचारलं. ती आईच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. "तिनं बरंच काही सांगितलं."

"ती म्हणते, तिला त्या वेळी फार त्रास झाला. घरची परिस्थिती वाईट होती."

"एवढंच?"

"खेड्यातल्या बायका तेच तेच पुन्हा सांगतात."

मी असं म्हटलं. माझ्या तोंडून हे बाहेर पडलं, आणि मला ते ऐकू आलं, आणि तरी मी तिथे बसून राहिले.

क्लेमाँस खुर्चीतून पुढे सरकली. "आता विचारा. मी सकाळी तुमच्या घरी म्हटलं होतं तेच. मी तिला नको होते का? कागदात आहे त्याच शब्दांत विचारा. गोड करू नका, मादाम. मला तिचं उत्तर डोळ्यांनी बघायचंय."

मी मथुराबाईकडे वळले. ती माझ्याकडे असं बघत होती, जसं आजारी माणसाचे नातेवाईक डॉक्टरकडे बघतात.

"मथुराबाई," मी म्हटलं, "ती विचारतेय, तुम्हाला तिच्याकडून काही हवंय का?"

तिचा चेहरा कसा झाला ते मला आजही सांगता येणार नाही. थोबाडीत बसल्यासारखा झाला एवढं खरं. मग तिनं पटकन दोन्ही हात झटकले आणि जोरजोरात मान हलवली.

"आगं बया! नाय, नाय! नको मला. काय बी नको. सांगा तिला बाई, काय बी नको. मी कशाला मागू? त्यासाठी आले का मी? नको म्हणावं."

क्लेमाँसनं ते हात बघितले. ती हलणारी मान बघितली. मग म्हणाली, "तो शब्द काय? ती पुन्हा पुन्हा म्हणाली तो?"

"नको," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"म्हणजे, मला इच्छा नाही."

"नको," ती स्वतःशी म्हणाली. उच्चार चांगला होता.

ती उठली. मोजा घातला, बूट घातला, नाडी व्यवस्थित बांधली. बाहेरचं कुणी बघत असतं तर म्हणालं असतं, काय शांत मुलगी आहे. तिनं पर्समधून एक छोटं पाकीट काढलं, ज्यात तिचे लहानपणापासूनचे फोटो होते, ते मला दिसलं. थोडा विचार केला आणि ते परत आत ठेवलं. मग मथुराबाईच्या खांद्याला हात लावून फ्रेंचमध्ये म्हणाली, "आल्याबद्दल आभारी आहे, मादाम."

मथुराबाई धडपडून उभी राहिली. "चालली? आत्ताच? माझं काय चुकलं का, बाई?"

"नाही हो. तिला विमान पकडायचंय."

"आसं व्हय." तिनं पोरीच्या गालावरून दोन्ही हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "मंग जाऊ द्या. येळेवर जाऊ द्या तिला. माझ्यापायी उशीर नको."

फाटकापर्यंत मी क्लेमाँसला सोडायला गेले. रिक्षात बसायच्या आधी तिनं मला मिठी मारली. मला! म्हणाली, "सगळ्यांनी मला गोड गोड सांगितलं, मादाम. संस्थेनं, माझ्या तिकडच्या आईबाबांनी, सगळ्यांनी. तुम्ही एकट्याच खरं बोललात. सकाळीसुद्धा, आणि आत्तासुद्धा." तिनं एका चिठ्ठीवर आपला फोन नंबर लिहिला. "हा तुमच्यासाठी. तिला देऊ नका. संस्थेतही मी आज तसं लिहून देते, पुन्हा संपर्क नको. मला आता विषय संपवायचाय."

रेवती धावत आली. "कशी झाली हो भेट?"

"छान झाली," मी म्हटलं.

दोन आठवडे गेले. एका गुरुवारी दुपारी दाराची बेल वाजली. बाहेर मथुराबाई. रोपवाटिकेला गुरुवारी सुट्टी असते. संस्थेतून पत्ता काढून, दोन बस बदलून ती आली होती. मला वाटलं, संपलं. हिला सगळं कळलं.

"बाई, रागावू नका," ती म्हणाली. ती पायरीवरच उभी होती. "एक काम व्हतं. तिच्या भाषेत 'मला तू हवी होतीस' आसं कसं म्हणत्यात? तवा मला नीट सांगताच आलं न्हाई. तुम्ही सांगितलं आसंल, पन माझ्या तोंडानं सांगाया पायजे व्हतं. मला तेवढंच शिकवा. मी रोज घोकीन."

कुठल्याही माणसानं तिथे तिचे पाय धरले असते. मी तिला आत घेतलं, पाणी दिलं आणि शिकवायला बसले. शिकवणं तेवढं मला येत होतं.

"ज वूले त गार्दे," मी म्हटलं. "मला तुला ठेवायचं होतं."

"ज वूले..." ती अडखळली.

सहा गुरुवार ती आली. कलमं बांधता बांधता दिवसभर म्हणायची म्हणे, बाकीच्या बाया हसायच्या. गाण्याच्या शिकवणीला बसतात तशी मांडी घालून बसायची आणि माझ्या ओठांकडे बघत राहायची. फ्रेंचमधला तो घशातला र, जो माझ्या बी.ए.च्या पोरांना तीन वर्षांत जमत नाही, तो तिला चौथ्या गुरुवारी जमला. माझ्या शिकवण्याच्या चाळीस वर्षांत इतका स्वच्छ उच्चार मी कुणाचा ऐकला नाही. हे मी शपथेवर सांगते.

सहाव्या गुरुवारी तिनं वाक्य म्हटलं, सलग तीनदा. कुठेही खोट काढता येईना. मग पदराच्या टोकानं कपाळ पुसून म्हणाली, "आता लावा फोन. तुमच्याकडं नंबर आसंलच की. मी एवढंच म्हणीन आन ठिवीन. जास्तीचं एक आक्षर बोलणार न्हाई."

चिठ्ठी टेबलाच्या खणात होती, माझ्या हातापासून वीतभर अंतरावर. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले होते. आँजेमध्ये तेव्हा सकाळचे साडेअकरा. तलावावर पोरं पोहत असणार, आणि ती काठावर उभी राहून शिट्टी वाजवत असणार.

"तिकडे आत्ता रात्र आहे, मथुराबाई," मी म्हटलं. "झोपली असेल ती."

"आसं व्हय? मंग ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या. दमती आसंल पोर," ती म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली आला, जसं पलीकडच्या खोलीत कुणी निजलंय. आणि तशाच हळू आवाजात, माझ्याकडे वाकून, तिनं ते वाक्य पुन्हा एकदा म्हणून दाखवलं. "बराबर हाय ना, बाई?"

"बरोबर आहे," मी म्हटलं. "अगदी बरोबर आहे. पुढच्या गुरुवारी या."